सासऱ्यांच्या शेतातलं आभाळ

वीजखात्यात त्याला सगळे 'शटडाउन' म्हणायचे. वायरमनचं असं नाव पडणं म्हणजे आचाऱ्याला 'उपाशी' म्हणण्यातला प्रकार, पण ते त्याने आपल्या कर्माने कमावलं होतं. दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवायचा दिवस उजाडला की बाकीच्यांची तोंडं कडू व्हायची. दिवसभर लोकांचे फोन, आणि फोनवर खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. हा मात्र सकाळपासून खुशीत. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. एकदा इंजिनियर साहेबांनी विचारलंच, "काय रे, लाइट जाण्यात तुला एवढं कसलं सुख?" तो म्हणाला, "साहेब, तेवढाच वेळ वरचं ऐकू येतं." साहेबांनी त्याला पुढचे दोन दिवस खांबावर चढू दिलं नाही.

आता हे 'वरचं' म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही साहेबांसारखाच काहीतरी समज करून घ्याल.

त्याच्या भागात कुठल्या तरी खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला होता. रेडिओत खरखर येते म्हणून तक्रारी यायच्या, आणि तडकलेला नग काही सापडत नव्हता. तेव्हा त्याने घरीच एक यंत्र जमवलं. पुरुषभर उंचीची अ‍ॅल्युमिनियमची सळी, ती लाकडी दांड्याला बांधलेली. जमिनीत खोचायला एक खिळा. मधे पत्र्याच्या डबीत सेलवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, आणि कानाला हेडफोन. स्टेशन लावायचं बटण नाहीच. सळीवर जे येईल ते सरळ कानात. तारांखाली उभं राहिलं की नुसतं 'घूंऽऽ', आणि जिथे इन्सुलेटर फुटका तिथे तडतड. पठ्ठ्याने तो शोधून काढला, एका शटडाउनला बदलला, आणि आता खरखर गेली का हे बघायला हेडफोन पुन्हा कानाला लावला.

लाइन मेलेली होती. 'घूं' गेलं होतं. त्या जागी सुकं सरपण पेटताना व्हावी तशी बारीक तडतड होती, आणि मग एक शीळ आली. उंच सुरात निघाली आणि खाली खाली उतरत विझून गेली. त्याने वळून पाहिलं. मागे मदतनीस डबा खात बसला होता, त्याच्या तोंडात घास होता, म्हणजे त्याच्यावर आळ घ्यायची सोय नव्हती. तेवढ्यात दुसरी शीळ आली.

पुढे कॉलेजातल्या फिजिक्सच्या मास्तरांकडे मीटर बदलायला गेला असताना त्याने भीत भीत ही गोष्ट काढली. मास्तर खुर्चीतून उठलेच. "अहो, पार समुद्रापलीकडे कुठे वीज पडली की तिच्यातून रेडिओच्या लहरी निघतात. त्यातल्या काही फार संथ, आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाइतक्याच कंपनांच्या. पृथ्वीच्या चुंबकाच्या रेषा धरून त्या अंतराळात चढतात आणि पार दुसऱ्या टोकाला उतरतात. वाटेत उंच सूर पुढे पळतात, खालचे रेंगाळतात. म्हणून शीळ उतरत येते."

"आणि वीज पडली नाही तर?"

"तरी वाजतंच. पृथ्वीभोवती इलेक्ट्रॉन अडकून फिरत असतात, ते स्वतः लहरी उठवतात. पहाटे ऐका. सूर्याकडून जरा जोराचं वारं आलेलं असलं तर थवेच्या थवे किलबिलताहेत असं वाटेल." मग मास्तर हसले. "फक्त तुमच्या खात्याच्या तारांपासून लांब जा. तारांजवळ तुम्हाला तुमचं खातंच ऐकू येईल."

झालं. त्या दिवसापासून गडी कामातून गेला. म्हणजे काम चोख करायचा, पण रविवार आला की सळी खांद्यावर टाकून निघायचा. घराच्या गच्चीवर घूं. मैदानावर घूं. नदीकाठी घूं. टेकडीवर चढला, तर तिथे खात्याने टॉवर उभा केलेला, तिथे तर घूंचा बाप. बायको दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर कामाला होती. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी यायची आणि नवऱ्याचं हे दुखणं ऐकायची. ती म्हणाली, "अहो, गेली पंधरा वर्षं सगळीकडे तारा ओढल्यात कुणी? तुम्हीच ना? मग आता रडता कशाला?"

शेवटी त्याने सेक्शन ऑफिसच्या भिंतीवरचा नकाशा नीट पाहिला. त्यात सगळ्या लाइनी लाल शाईने काढलेल्या. लालच लाल. फक्त टेकडीच्या मागे, एका ओढ्याच्या वळणात, नखाएवढा कोरा तुकडा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तो कोरा तुकडा म्हणजे त्याच्या सासऱ्यांची बाग होती, आणि तिथे पाय ठेवायची त्याला बंदी होती.

त्याचं असं झालं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी नव्या जावयाला वाटलं, सासुरवाडीला कंदील म्हणजे आपल्या नोकरीला बट्टा. कुणाला न सांगता त्याने सगळी मंजुरी आणली आणि एके सकाळी खांब, तारा आणि चार माणसं घेऊन बागेत हजर झाला. आनंदाचा धक्का द्यायचा होता. लाइनीच्या वाटेत तुतीचं जुनं झाड होतं. सासरेबुवा अंघोळीला गेले होते. ते बाहेर आले तेव्हा तुतीची मोठी फांदी खाली पडली होती आणि जावई वर बसून हसत हात हलवत होता. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. टॉवेलावरच्या सासऱ्यांनी चार वायरमनना ओढ्यापलीकडे पळवलं, आणि जावयाला बजावलं, "पुन्हा या बांधावर दिसलात तर मुलगी माझी, पण तुम्ही माझे कुणी नाही." ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं जावई म्हणाला. मोठ्याने म्हणाला, तिथे चुकलं. आठ-नऊ वर्षं बायको एकटीच माहेरी जायची आणि हा तिला ओढ्याच्या पुलापर्यंत सोडून परत फिरायचा.

"मी जाऊ का गं त्यांच्याकडे?" त्याने एका रात्री जेवताना विचारलं.

"अडला हरी..." बायको एवढंच म्हणाली.

"तुझे वडील आहेत ते!"

"म्हणून तर अर्ध्यावर थांबले."

तो गेला. रविवारी उजाडायच्या आधी, जीव मुठीत धरून. पण अकलेचा कांदा, सळी खांद्यावरच घेऊन गेला. सासरेबुवा तुतीखाली दात घासत होते. अंधुक उजेडात त्यांना दिसला तो जावई आणि जावयाच्या खांद्यावर खांब. तोंडात फेस असल्यामुळे त्यांना ओरडता येईना, म्हणून त्यांनी काठी उचलली. "मामा, हा खांब नाही! रेडिओ आहे! तार नको म्हणून आलोय मी!" जावई ओरडला. वीजखात्याचा माणूस तार नको म्हणतो, हे ऐकून म्हातारा गोंधळला, चूळ भरायला थांबला, आणि तेवढ्यात सासूबाई मधे आल्या.

"आधी चहा घेऊ द्या त्यांना, मग मारा," त्या म्हणाल्या.

सासूबाईंचं सगळं असंच होतं. बाग मुळात त्यांच्या वडिलांची, कागदावरही त्यांच्याच नावाची, पण हे त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत. सकाळी उठायच्या, विहिरीवर कप्पीने पाणी ओढायच्या, घरातलं मोठं पिंप भरायच्या, मग बाकीचा दिवस सुरू करायच्या. जावयाला त्यांनी चहा दिला, मोकळ्या जागेत सळी रोवायला हरकत नाही असं परस्पर जाहीर केलं, आणि बादली उचलून विहिरीकडे गेल्या.

सळी झाडांपासून लांब, बांधाच्या टोकाला उभी राहिली. जावयाने हेडफोन लावला आणि त्याचे डोळे भरून आले. घूं नव्हतं. जराही नव्हतं. होती ती बारीक तडतड, तिच्यातून उतरणाऱ्या शिळा, एकीमागून एक, आणि पूर्वेला तांबडं फुटलं तशी खालून किलबिल वर यायला लागली. जवळून एक मधमाशी गेली, तिच्या पंखांवरची इवलीशी वीजसुद्धा सळीने टिपली, भूंऽऽ करून. सासरेबुवा काठी टेकून जरा दूर उभे होते. जावई रडतोय हे पाहून ते घाबरले असावेत. त्यांनी हात पुढे केला. जावयाने हेडफोन दिला.

म्हाताऱ्याने बराच वेळ ऐकलं. मग वर पाहिलं, मागे तुतीकडे पाहिलं. "पक्षी कुठे आहेत हे?"

"पक्षी नाहीत मामा. पृथ्वीच्या बाहेर जे चाललंय ना, त्याचा आवाज आहे."

"बाहेर म्हणजे?"

"म्हणजे ढगांच्या वर, त्याच्याही वर. हजारो मैल."

"हं," म्हातारा म्हणाला. "आणि तुम्ही इथे खांब घालणार होतात."

यापेक्षा जास्त समेट त्या दोघांना झेपला नसता. पण पुढच्या रविवारी जावयाला पाच मिनिटं उशीर झाला तर सासरे पुलावर येऊन उभे. हळूहळू रीतच पडून गेली. दोघं बांधावर बसायचे, हेडफोन आळीपाळीने इकडून तिकडे. बोलायचं काही नाही, कारण जरा हललं की खरखर होते, आणि बोलणं टळलं हेच दोघांना सोयीचं होतं. बायको म्हणायची, "लोकांच्या घरी बोलून भांडणं मिटतात, आमच्याकडे न बोलून मिटली." सासरेबुवांचा कान असा तयार झाला की शीळ आली की बोट वर, किलबिल आली की तळहात सपाट. एखाद्या पहाटे काहीच नसलं तर ते जावयाकडे असे बघायचे जणू यानेच कुठेतरी फ्यूज काढून ठेवलाय.

आणि इथेच सगळं बिनसलं. जावई येता-जाता झाला तसा सासूबाईंच्या मनाने उचल खाल्ली. उजवा खांदा गेली दोन वर्षं धरला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. आता घरचाच वायरमन आहे तर विहिरीवर पंप बसवू, स्वयंपाकघरात नळ घेऊ, असा साधा विचार त्यांनी केला. त्या स्वतः सेक्शन ऑफिसात गेल्या, अर्ज दिला आणि येताना बाजारातून एक पितळी तोटी घेऊन आल्या. साहेबांनी अर्ज 'शटडाउन'च्या हातात ठेवला. "तुझ्या सासुरवाडीचं आहे. जागा बघ, जमतं का नाही ते सांग. तू म्हणशील ते."

तू म्हणशील ते! अख्ख्या नकाशावर एकच कोरी जागा, आणि तिथे लाल रेघ ओढायची ती याच्याच हाताने. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

रविवारी सासऱ्यांनी हेडफोन कानाला लावलाच नाही. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हिने अर्ज केलाय, कळलं ना? खडक आहे म्हणून सांगा. खड्डा होत नाही."

"खडक आहेच मामा, पण..."

"आहेच ना? मग खोटं कुठे बोलताय?"

एके काळी ज्याला हाकललं त्याच्याच कानाशी लागून म्हातारा कट करत होता, आणि याला तो कट मनापासून आवडला. खडक आहे, जमत नाही. संपलं. कुणी विचारणारही नव्हतं. "बघतो," तो म्हणाला, आणि त्या 'बघतो'चा अर्थ दोघांनाही कळला.

घराकडे येताना त्याला सासूबाई विहिरीवर दिसल्या. दोर उजव्या हाताने ओढता येत नव्हता म्हणून त्या तो डाव्या हाताने खेचत होत्या, आणि प्रत्येक खेपेला दोर पायाखाली दाबून त्या हाताला विसावा देत होत्या. "द्या इकडे, मामी," तो म्हणाला. रोज खांबावर चढणारा माणूस, त्याला वाटलं हा कसला व्यायाम. पिंप अर्धं झालं तेव्हा त्याचे तळवे सोलले होते. पूर्ण झालं तेव्हा मान वळेना.

"रोज किती बादल्या होतात?" त्याने धापा टाकत विचारलं.

"मोजल्या नाहीत कधी. मोजल्या असत्या तर घर सोडून पळाले असते," सासूबाई हसून म्हणाल्या, आणि पदराने हात पुसत चहा टाकायला गेल्या.

त्याला स्वतःची लाज वाटली, भयंकर वाटली. इतके महिने आपण बांधावर बसून हजारो मैलांवरचं ऐकत होतो आणि वीस पावलांवर ही कप्पी करकरत होती, ती ऐकली नाही. खरं म्हणजे ऐकली होती. तिचा त्रास होतो म्हणून सळी आणखी लांब नेली होती.

सोमवारी त्याने साहेबांना सांगितलं, "जमतं." खडक होता तिथे पहार घेऊन तो स्वतः उतरला. लाइन तुतीच्या बाजूने न नेता ओढ्याकडून वळसा घालून आणली. खांब जास्त लागले, साहेब कुरकुरले, पण झाडाचं पान हललं नाही. सासरेबुवा सगळा वेळ घरात पाठ करून बसले होते. मधे एकदाच बाहेर येऊन "फितूर!" म्हणून गेले. पंप चालू झाला, पितळी तोटीतून पाणी आलं, आणि सासूबाईंनी तोटी बंद केली. मग उघडली. परत बंद केली. लहान पोरीसारख्या किती वेळ तेच करत होत्या. जावयाला वाटलं, बस, आपलं ऐकणं इथे संपलं, आणि हरकत नाही.

पण रविवारी सासूबाईंचं बोलावणं आलं. तो गेला तर घर अंधारात. त्या ओट्यावर बसलेल्या. "मेन स्विच बंद करून टाकलाय," त्यांनी अभिमानाने सांगितलं. "तुमचं ते आभाळाचं ऐकून होईपर्यंत घरात दिवा नाही, पंप नाही. तुमच्या हौशीवर माझ्या नळाने पाणी फिरवलं असं नको."

आता यांना काय सांगायचं? घरातला मेन बंद केला तरी खांबापर्यंतची तार जिवंतच राहते. बाहेर घूं ते घूंच. पण अंधारात त्यांचा चेहरा इतका खूश होता की त्याने नुसती मान डोलावली. तो बांधावर गेला, हेडफोन लावला. घूंऽऽ. "छान येतंय!" त्याने ओरडून सांगितलं. मागून फुरंगटतच आलेल्या सासऱ्यांनी हेडफोन घेतला, ऐकला, जावयाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. आणि म्हातारा म्हणाला, "वा! आज तर फारच छान!" वर बोटही उचललं.

असे कितीतरी रविवार गेले. दोन शहाणी माणसं पहाटे उठून बांधावर बसायची आणि गंभीर चेहऱ्याने वीजखातं ऐकायची.

मग एके सकाळी सासूबाई हात पुसत बांधावर आल्या. "इतके दिवस ऐकताय, मला कधी दिलंत का हो ते कानाला?"

खरंच दिलं नव्हतं. सुरुवातीच्या त्या चांगल्या पहाटांना त्या विहिरीवर असायच्या, आणि त्यांनाही ऐकायचं असेल हे दोघांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आता नाही म्हणायची सोय नव्हती. जावयाने हेडफोन दिला. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले.

"हा तर आपला पंप."

जावई जमिनीतला खिळा उगाचच घट्ट करायला लागला.

"पंप तर मी बंद करून आलेय. मग हा आत कसा वाजतोय?"

जावयाने मान खाली घालून सगळं सांगितलं. मेन स्विचचं, जिवंत तारेचं, आणि पहिल्या रविवारपासून दोघंही खोटं बोलत होते तेही.

"म्हणजे आता इथे ते ऐकूच येत नाही? पंप बसला तेव्हापासून?"

"नाही येत."

"मग जोडून दिलंत कशाला? खडक आहे म्हणून सांगायचं ठरलं होतं ना तुम्हा दोघांचं?" दोघांचे चेहरे पाहून त्या म्हणाल्या, "विहिरीवर होते मी. बहिरी नव्हते."

सासरेबुवा तुतीकडे बघायला लागले. जावई म्हणाला, "मामी, त्या दिवशी पाणी ओढलं ना, त्यानंतर नाही सांगवलं."

सासूबाई बांधावर टेकल्या आणि त्यांनी हेडफोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "कसं असायचं ते? मला सांगा तरी."

जावई सांगायला लागला, इलेक्ट्रॉन, चुंबकाच्या रेषा, उंच सूर आधी आणि खालचे मागून. त्यांना काही बोध होईना. तेव्हा सासरेबुवांनी खाकरून घसा साफ केला. या माणसाने उभ्या आयुष्यात बायकोसमोर शीळ घातली नव्हती. त्यांनी ओठांचा चंबू केला, पहिल्यांदा नुसतीच हवा गेली, आणि मग एक बारीक, उंच शीळ निघाली, थरथरत खाली उतरली, अगदी जशी यायची तशी, आणि दम संपला तिथे विझली. जावई चकित होऊन बघत राहिला. मग त्यानेही लाज सोडून गालातल्या गालात किलबिल सुरू केली. म्हाताऱ्याने दुसरी शीळ काढली. सासूबाई पदर तोंडावर धरून हसत होत्या, हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"दम लागतो गं," सासरे म्हणाले.

"मग घ्या दम. इतकी वर्षं मी पाणी ओढलंय," सासूबाई म्हणाल्या आणि तिथेच बांधावर नीट मांडी घालून बसल्या. "आता पहिल्यापासून काढा."